रंकाळ्यावरची तालीम

जहाजवाल्यांचं पत्रक म्हणतं,
सहा महिन्यांखालचं बाळ चालणार नाही.
आमची मृणाल तेवीस दिवसांनी कमी पडली.

मग संग्राम म्हणाला, चल, तालीम तरी करू.
रविवारी, रंकाळ्यावर, पायडलची हंसबोट,
एका डोळ्याचा रंग उडालेली.

सामान मात्र जहाजाचंच:
अकरा दुपटी, थोरल्याचं नाचणीसत्त्व,
बाळगुटीची सहाण,
टोपडी दोन, त्यातलं एक हरवायला.

दिलावरमामांनी थोरल्याला जाकीट चढवलं,
वर नुसतं नाक उरलं.
"कुठं निघालाय, पावणं?"
"लांब," नाक म्हणालं.

संध्यामठाजवळ वारा पडला.
धाकटी पिता पिता झोपली.
बोट डुलायची, तिला काहीच नवं नव्हतं.
पाण्यातनं येऊन
जेमतेम पाच महिने तर झालेत.

संग्रामच्या पोटऱ्यांत गोळे.
एक म्हैस आमच्या पुढनं पोहत गेली.
थोरल्यानं तिला टाटा केला,
कप्तानाला करावा तसा.

वीस मिनिटं. शिट्टी.
काठावर पाय टेकला
आणि त्यानं भोकाड पसरलं:
आपण अजून हितंच?