तीनशे मायक्रॉन

येलदरीच्या वीजघरात चार जिने उतरलो
की मे महिना वरच राहतो.
संच क्रमांक दोन उघडून ठेवलेला.
पात्यावर हात फिरवला,
हातमोज्याचा धागा अडकला.

पूर्णेची वाळू. तेवीस वर्षं
दाण्यासारखी आत जात राहिली
आणि पीठ झालं ते जात्याचंच.
पात्याच्या पाठीला, जिथे वाळू फारशी पोचत नाही,
तिथे बुडबुड्यांनी फुटून फुटून खड्डे केलेले,
देवीचे वण असावेत तसे.
पाण्याचा बुडबुडा पोलाद खातो
हे वाळूजच्या कारखान्यात पहिल्यांदा ऐकलं
तेव्हा मी हसलो होतो.

सटवाजी ऑपरेटर, निवृत्तीला दोन महिने उरलेले,
स्टूल ओढून बसला.
"युनूस, काय करू लालास?"
खरवडतोय.
"आधीच झिजलंय, आन् आनखी?"
गुळगुळीतावर काही धरत नाही, काका.
तो गप्प. तंबाखू मळत राहिला.

मग कानात बोळे, तोंडावर मुखवटा.
बंदूक पेटली की छातीची फासळी न् फासळी वाजते.
ज्वाळेच्या पोटात हिरे दिसतात, एकामागे एक.
मोजायचे नसतात.
मी मोजतो. सात.
भुकटी आवाजाच्याही पुढे पळते,
पात्यावर आपटते, चपटी होते,
थापलेल्या भाकरीवर भाकरी.
दहा मायक्रॉन. वीस.
थांब, निवू दे.
पुन्हा.

संध्याकाळी तीनशे भरले.
"म्हंजी किती?"
डोक्याचे चार केस, एकावर एक ठेवून.
"मंग कल्हईच की ही."

मला राग आला.
सहा महिने प्रशिक्षण, परीक्षा, टंगस्टन कार्बाइड,
आणि हा म्हणतो कल्हई.
रात्री कॅम्पातल्या खोलीत नाक शिंकरलं,
रुमालावर राखाडी डाग.
जिंतूरच्या बाजारात दादा भाता मारायचे,
नवसागराचा धूर, लोकांची पातेली,
त्यांच्या रुमालाचा रंग हाच होता.
सटवाजीला हे मी सांगितलेलं नाही.
सांगणारही नाही.

नवव्या दिवशी दार उचललं, पाणी आलं.
सटवाजीने पेचकस बेअरिंगला टेकवला,
मूठ कानाला.
डोळे मिटून बराच वेळ.
वर पंखा हलत नव्हता, माझा घाम मानेवरून
बनियनमध्ये उतरला.

कसं वाटतंय, काका?

"वाळू हायेच," तो म्हणाला.
"पर आता आधी तुझं खाईल."