सातवा रिमोट

गिरपकाकांच्या टीपॉयवर सात रिमोट,
प्रत्येक प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड.
तरी खारा वारा शिरतोच.
सेलांच्या स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या,
मी टाचणीने खरवडतो, ते बघत बसतात.

झील मस्कतला. त्याने पाठवलं सगळं:
भिंतीएवढा टीव्ही, पाच स्पीकर,
एक डबा नुसता घुमणारा,
खिडक्यांच्या पडद्यांना मोटर, पंपाला अक्कल.
आणि मला फोन : ‘बाबांसाठी एकच रिमोट बघ.
चांगला बघ. पैशाकडे बघू नकोस.’

वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं दुकान :
मिक्सर, पंखे, चतुर्थीच्या माळा.
मी तीन नमुने मागवले, घेऊन गेलो.

पहिला नुसती काच. हात लावला की उजळतो.
काकांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला.
‘ह्येका नाक नाय, कान नाय,
काळोखात वळाकतलंय कसो?’
उपडा ठेवला.

दुसरा म्हणजे फोनच. त्यात घराचं चित्र.
‘आणि फोन चार्जिंगक लावलो,
तर घर थांबान रवतला?’

तिसरा जाडसर, बटणांचा. पाचाच्या आकड्यावर
तिळाएवढा उंचवटा.
काका त्याला घेऊन मागच्या खोलीत गेले.
मध्ये हातभर रुंद चिऱ्याची भिंत.
दाबलं. बाहेर पडवीत दिवे लागले.
मी सांगितलं, हा भिंतीतून डबीशी बोलतो,
डबी पुढे टीव्हीला उजेडात सांगते.
‘उजेडात?’
पहिल्यांदाच मान वर.

एकतीस वर्षं काका दिव्यावर होते.
गावात अजून तसंच म्हणतात : दिव्यावरचे गिरप.

घेतला असता लगेच, पण अडलं.
‘लाईट गेली नि आयली,
तर ह्येका कसा कळतला, टीव्ही चालू हा की बंद?’
नाही कळत, मी म्हटलं. एकच बटण,
आलटून पालटून.
‘चालूचा येगळा होया. बंदचा येगळा.
एका खुणेचे दोन अर्थ झाले काय
गलबत खडपार जाता.’

दोन रात्री मी ते वेगळे कोड शोधले.
टीव्हीचे मिळाले, ॲम्प्लिफायरचे मिळाले,
पंख्याचे नाहीत.
‘मग पंखो भिंतीवरल्या बटणान.’
निकाल.

मग शिकवणी. टीपॉयवर नवा आणि जुना,
वाटेत भेटलेल्या मुंग्यांसारखे, डोक्याला डोकं.
जुना बोलणार, नवा लक्षात ठेवणार.
मी फोनचा कॅमेरा उघडून समोर धरला.
नुसत्या डोळ्यांना न दिसणारा उजेड
स्क्रीनवर जांभळा लुकलुकला.
काकांची बोटं मांडीवर मोजायला लागली,
चुकली, परत लागली.
‘भरभर हा,’ म्हणाले, ‘पण नेमाचो.’

आवाज वर, आवाज खाली, पडदा, पंप.
चहा झाला. फणसाचे गरे झाले.
सहा रिमोट संपले.

सातवा कोणाचा, कळेना.
नाव झिजलेलं, बटणांवर बोटांचे खळगे.
कपाटं बघितली, माळा बघितला,
मस्कतला फोटो पाठवला. नाही.
या घरात त्याचं यंत्र नाही.
टाकून देऊ?

‘शिकव.’

‘काका, ऐकणार कोण?’

ते खिडकीशी गेले. बंदरात भरती,
जेटीच्या कठड्यावर कोणीतरी जाळं झटकत होतं.
‘दिव्यार आसताना
माका खय म्हायत होता, कोण बघता ता.’

खालचं तांबडं बटण रिकामं होतं.
त्यावर शिकवला. त्यांनीच दाबून बघितलं,
हात खिडकीबाहेर काढून, तीनदा,
मध्ये सारखं अंतर ठेवून.
घरात काही हललं नाही.

मी पावती केली :
रिमोट एक, डबी एक, शिकवणी सहा.
काकांनी चष्मा लावला, माझंच पेन मागितलं,
सहाचे सात केले
आणि पैसे साताचे दिले.