ऐच्छिक

हा शब्द माझाच.
सभेच्या इतिवृत्तात माझ्याच अक्षरात आहे:
'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची वर्गणी ऐच्छिक राहील.'
बँकेत एकतीस वर्षं थकबाकीच्या नोटिसा लिहिल्या,
म्हटलं, आता तरी हात मऊ ठेवावा.
शिवाय पुराच्या साली पार्किंगमधला गाळ
याच माणसांनी घमेल्यांनी उपसला होता,
हजेरी न मांडता.

सांगलीच्या गावभागात सोळा फ्लॅट, खाली एक गाळा,
रबरबँड लावलेली एक वही.

गाळ्यातल्या रझिया मुजावरनी पहिल्याच दिवशी दिले,
शिलाईचे दोन हजार, दहा-वीसच्या नोटांत.
गच्ची त्यांच्यापासून चार मजले वर.
म्हणाल्या, 'पुरात माझी मशीन तिथंच होती की.'

बेडगकर म्हणाले, 'आधी इतरांना देऊ देत.'
इतर म्हणाले, 'बेडगकरांनी दिले का?'
कोरे पुण्याला असतात, फोनवर अंगठा पाठवतात.
अंगठा कुठल्या रकान्यात लिहायचा?
आरवाडेंनी एकदम पंचवीस हजार दिले,
आणि त्या संध्याकाळपासून
मला 'अहो सेक्रेटरी' म्हणू लागले.
काम आपल्या बाजूनं सुरू करायचं,
हेही त्यांनीच ठरवलं.

पैसे पुरले तेवढी गच्ची झाली.
मिस्त्रीनं खडूनं रेघ मारली,
'हितपर्यंत तुमचं.'
अलीकडे करडं, गुळगुळीत,
पलीकडे बिल्डरच्या काळातल्या फुटक्या कपच्या.

जुलैत पाणी रेघेपलीकडून शिरलं,
स्लॅबच्या आतून आतून चालत गेलं
वही न वाचता,
आणि आरवाडेंच्या देवघरावर उतरलं.
'मी पंचवीस हजार दिलेत,' ते म्हणाले.
मला नाही. छताला.

परवाच्या सभेत मी तो शब्द खोडला.
बँकेतलं जुनं अक्षर परत आलं:
'दर चौरस फुटाला बारा रुपये. मुदत: महिनाअखेर.'
अकरा हात वर. बेडगकर चष्मा पुसत राहिले.

रात्री हिशेब मांडला.
एकशे दहा फुटांच्या गाळ्याचे होतात तेराशेवीस.
म्हणजे एवढ्या बिल्डिंगीत
फक्त दोघांचे जास्त घेतले होते आपण,
एकाचे त्यांनी वसूल केले होते.

सकाळी पाकिटात सहाशेऐंशी घालून
गाळ्यापुढे उभा राहिलो.
मशीन थांबायला वेळ लागला.
रझियाबाईंनी पाकीट पाहिलं, मला पाहिलं.
'ऐच्छिक होतं ना, दादा? मग राहू द्या,'
म्हणाल्या,
आणि दोरा दातानं तोडला.