लुओसाहेबांची वही

मे महिना. सेहेचाळीस डिग्री.
डब्यांची चाकं तपासायला आलेला माणूस
मागच्या सीटवर, मांडीवर वही,
खिशात पोलादी टेप.
ऑफिसातून हुकूम : रविवार आहे, साहेबांना गाव दाखव.

गाव काय दाखवायचं?
बावीस वर्षं मी ते आरशात पाहतो,
मागे मागे जाणारं.

आधी झिरो माइल.
उन्हात उतरले, खांबाला फेरी घातली,
दगडाला टेप लावला, आकडा लिहिला,
मग फोनला काही बोलले.
फोन बाईच्या आवाजात मराठीत म्हणाला,
"येथून मोजणे सुरू होते.
मोजणाऱ्याला सावली नाही."

संत्री हवी होती त्यांना.
मे महिन्यात कुठली संत्री जी?
बर्डीवरून बर्फीचा डबा घेऊन दिला.
एक तुकडा खाल्ला. डबा उलटा करून
मागची बारीक अक्षरं वाचत बसले.
"फळाची आठवण. साखर जास्त."

इतवारीत पौनीकर काकूंकडे
सहा टेबलं, एक कूलर,
मटणावर तर्रीचा बोटभर थर.
मी मनातल्या मनात हसत होतो,
आता पाहू बावा तुझी गंमत.
साहेबांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली,
पुन्हा पुढे सरकवली.
घाम मला फुटला. नाक माझं वाहायला लागलं,
मी गुलाब निनावे, कोष्ट्याचा पोर,
दुधाआधी तिखट चाटलेला.

मग त्यांनी फोनवर स्वतःचं गाव काढलं, चोंगचिंग.
धुकं. दोन नद्या. बिल्डिंगच्या पोटातून जाणारी रेल्वे.
आणि नऊ खणांची कढई, लाल तेलानं उकळणारी,
भोवती उघड्या पाठीची माणसं.
काकू पदरानं हात पुसत वाकल्या.
"तर्रीच तं आहे हे. पण भाकर कुठी आहे?"
फोनला हे काही सांगता आलं नाही.
तो म्हणाला, पुन्हा बोला.

दीक्षाभूमीवर तापल्या फरशीवरून
मी टाचांवर नाचत आत पळालो.
ते सावकाश आले.
बसले. फार वेळ.
टेप नाही, वही नाही.
बाहेर आल्यावर विचारलं, इथलं काही लिहिलं नाही, साहेब?
फोन गाडीत राहिला होता.
त्यांनी मान हलवली.
आपण हो म्हणतो तशी की नाही म्हणतो तशी,
मला कळलं नाही.

फुटाळ्यावर उसाचा रस, अजब बंगला बंद,
आणि रात्री विमानतळावर, बॅगा उतरवताना,
त्यांनी वही उघडून पानावर फोन धरला.
"चालक. हॉर्न फार.
थांबतो मात्र बरोबर जागी."
खाली आणखी एक ओळ.
"दगडाचे चार घोडे. सगळे निघालेले.
एकही पोचलेला नाही."

चार नाही साहेब, तीन, मी म्हणालो.
त्यांनी चार बोटं दाखवली.
मी तीन.
काचेचं दार सरकलं, ते गेले, बोटं तशीच वर.

सकाळी स्टेशनाचं भाडं सोडून
मी झिरो माइलला मधोमध गाडी थांबवली.
मोजले.
चौथ्याच्या मानेवर एक कावळा बसला होता,
म्हणून पुन्हा मोजले.
मागून टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून ओरडला,
"काहून बे, पहिल्यांदा आला का नागपूरले?"