कसर

जानेवारीच्या पहिल्या रविवारी, हलच्या घरात,
शर्वाणीने टेबलावर डायरी उघडली.
साताऱ्याच्या कुठल्याशा पतसंस्थेची, सहा वर्षं जुनी,
तारखा बरोबर, वार सगळे चुकलेले.
डावीकडे लिहिलं ‘लागतं’, उजवीकडे ‘लागत नाही’,
आणि पेन माझ्याकडे सरकवलं,
म्हणजे पहिला बळी माझा.

मी कॉफी दिली. कॅरॅव्हॅनच्या कारखान्यासमोरची,
साडेतीन पौंडांची, रोजची.
तिने सलून दिलं.
मी फुटबॉलचं चॅनल.
रेवाने, वय वर्षं आठ, डोळे मिटून विचार केला
आणि ब्रोकोली दिली.
ती तिला परत मिळाली.

पौंडाचे रुपये करणं आम्ही तिसऱ्या वर्षीच सोडलं होतं,
ते पुन्हा सुरू झालं. अंघोळ करता करतासुद्धा.
हीटर सतरावर.
हंबरवरून येणारा वारा दाराखालून आत शिरायचा,
म्हणून शर्वाणीने जुन्या इरकलीची वळकटी केली,
आत चिंध्या भरल्या, उंबऱ्याशी आडवी टाकली.
आईने घेतलेलं लुगडं पायात, म्हणून
पहिला आठवडा आम्ही ते ओलांडताना
नकळत हात जोडत होतो.
मग सवय झाली. मग लाथाडत होतो.

संध्याकाळी साडेसातला सुपरमार्केटात
ग्रॅहम पिवळी लेबलं चिकटवायला निघतो.
मागे आम्ही चार-पाच जण, अंतर राखून,
सूपच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत असल्यासारखे.
कोणी कोणाला ओळख देत नाही.
मे महिन्यात एका म्हाताऱ्याने
स्वतःच्या हातातला शेवटचा पाव माझ्या टोपलीत ठेवला.
‘तुझ्याकडे लहान आहे,’ म्हणाला,
आणि पुन्हा सूप वाचू लागला.

जूनमध्ये उजवीकडच्या यादीत एक ओळ दिसली:
‘मनवाच्या लग्नाला जाणं’.
अक्षर घाईतलं, माझंही असेल, तिचंही.
कोणी लिहिलं ते आम्ही विचारलं नाही.
लग्न फोनवर पाहिलं. अक्षता पडल्या तेव्हा
चित्र गोठलं, मनवाचे डोळे अर्धे मिटलेले,
आणि तसेच राहिले.

काट आणि कसर.
वही-पुस्तकांना लागते तीही कसरच,
रात्री कुरतडते, आवाज नसतो,
सकाळी पान उचललं की पलीकडचं दिसतं.
आम्हाला काय दिसलं?
नेमकं सांगता येणार नाही.
रेवाला शाळेतल्या सहलीचा कागद दप्तरातच
चार घड्या करून ठेवताना मी पाहिलं, हे एक.
मी तो काढला, सही केली, डावीकडे लिहिला.
ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही,
‘मी पण देत होते ना,’ म्हणाली सकाळी.

सप्टेंबरात बॉयलर एकदाच खोकला
आणि पाच महिने गिळून गप्प बसला.
शर्वाणी पायरीवर बसून हसली. खूप वेळ.
शेजारच्या मॉरीनला वाटलं रडतेय,
ती टोमॅटो घेऊन आली, परसातले, भेगाळलेले.
त्याचं सार आम्ही दोन दिवस पुरवलं.

डिसेंबर अखेर: दोन हजार तीनशे अठरा पौंड.
ठरवलेल्याच्या निम्मे.
‘मग आता आपण श्रीमंत?’ रेवाने विचारलं.
शर्वाणी म्हणाली, ‘आता बॉयलर खोकला तर
आपण फक्त वैतागायचं.’

नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी कॉफी घेतली.
तीन ऐंशी झाली होती.
निम्मी गार होईपर्यंत हातात धरून उभा राहिलो.
पैसे फुकट गेले असं वाटलं नाही.
वाटलं, पण थोडंच.

रविवारी म्हटलं, या वेळी केस बाहेर कापून येतो.
ती काही बोलली नाही.
सोफ्यांच्या सेलची फुकट आलेली जाहिरात फरशीवर पसरली,
स्टूल मध्ये ठेवलं,
आणि मार्चपासून धरते तशी
माझी मान दोन बोटांनी खाली वाकवली.
कात्री अजून बोथटच आहे.
‘हलू नकोस,’ म्हणाली.