दुसऱ्या ताकवालीपर्यंत

कॉलेजात असताना श्रीरंग बावन्न मिनिटांत चढायचा सिंहगड,
हे मला साखरपुड्यापासून पाठ आहे.
मनगटावर घड्याळ, हातात पाण्याची एक बाटली, बस्स.

आज त्याच्या पाठीवर निनाद आहे, अकरा महिन्यांचा,
ओढणीच्या झोळीत.
झोळीतून बाहेर लोंबणारा एक पाय उघडा,
त्याचा मोजा बसमध्येच राहिला,
खडकवासल्याच्या अलीकडे की पलीकडे, यावर आमचं भांडण झालं.

माझ्या पाठीवर बाकीचं सगळं:
दुपटी, मऊ भात, दोन चमचे (एक पडणारच),
सोललेली संत्री, वल्लरीचा जादा फ्रॉक,
आणि त्या फ्रॉकला आणखी एक जादा फ्रॉक.

आतकरवाडीत उतरलो तेव्हा साडेसात.
डिसेंबरचं गवत, पिवळं, दवानं जड झालेलं.
"गड कुठंय?" वल्लरीनं विचारलं.
श्रीरंगनं बोट वर केलं, टॉवरच्या दिशेनं.
तिनं बोट नीट बघून घेतलं.

पहिली दहा मिनिटं ती पळत होती.
मग वाट ओलांडणारी मुंग्यांची रांग आली.
"थांबा, त्यांची शाळा सुटलीये."
थांबलो.
शेवटची मुंगी यायची होती,
ती येईना.
मागून कुठल्याशा क्लबची पोरं आली, धापा टाकत, एका उडीत रांग पार.
वल्लरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं
जसं लक्ष्मी रोडवर सिग्नल तोडणाऱ्याकडे माझे वडील पाहायचे.

पांढरी हाफपँट घातलेले एक आजोबा काठी टेकत वर गेले.
पुढे एक गुळगुळीत दगड सापडला, तो खिशात.
एक खडबडीत, तोही.
मग ती पडली, गुडघा सोलला,
रडणं ऐकून निनादही सामील झाला, कारण माहीत नसताना.
मऊ भात तिथंच संपला. चमचा पडला.
ते आजोबा गड करून परत खाली येताना भेटले:
"वा वा! अजून इथेच!"
पुण्यात कौतुक असंच करतात.

दुसऱ्या ताकवालीपाशी वल्लरी फतकल मारून बसली.
आता ही उठणार नाही हे आम्हा दोघांनाही कळलं,
आणि दोन पोरं, दोन पाठी, एक पिशवी
हे गणित वरच्या दिशेनं सुटत नव्हतं.
श्रीरंग टॉवरकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"हा गड आहे?" तिनं ताकवालीला विचारलं.
बाईंनी मडक्यावरचं फडकं बाजूला केलं, रवीला एक हिसका दिला.
"मग काय तर. आलीस की गं!"
श्रीरंगनं तोंड उघडलं.
मी त्यात संत्र्याची फोड घातली.

मग ती उठली, कठड्याच्या दगडाशी गेली,
खाली धरणाचं पाणी, घासलेल्या परातीसारखं,
आणि आमच्या पायांच्याही खाली, दरीत,
एक घार, पंख न हलवता.
"आई! तिची पाठ दिसतीये!"
मी एकोणचाळीस वर्षांची आहे.
घारीला पाठ असते हे मी तोवर धरूनच चालले होते.
तपकिरी, कडेला जरा विटकी,
उन्हात मधेच सोन्यासारखी.
चौघंही बघत राहिलो,
निनाद बहुधा ताकाच्या मडक्याकडे.

रात्री दोघं झोपल्यावर
मी दिव्याखाली तिच्या मोज्यांतली कुसळं उपसत बसले.
एक काढावं तर दुसरं बोटात.
दगड खिशातून काढले नाहीत, सकाळी हिशेब मागेल.

श्रीरंग भिंतीकडे तोंड करून पडला होता.
मला वाटलं, झोपला.
"पावणेतीन तास," तो म्हणाला.
"कशाला?"
"दुसऱ्या ताकवालीपर्यंत."
जरा थांबून, "पाठीवर निनाद धरून."

अगदी त्याच आवाजात,
ज्यात तो बावन्न मिनिटं सांगतो.