दाराच्या आत

गाडी आली तेव्हा पारोळा रोडचं डांबर
चपलेला चिकटत होतं.
दोन दारांची, लाल, जपानी,
बॉनेटमधून डोळे वर काढणारी सेलिका.
आखातातून परतलेल्या कुणाकडून
जिनिंगवाल्या दगाजी भामरेंनी घेतलेली,
आता त्यांची कमलिनी चालवते.
उतरली, ओढणीनं मान पुसली, म्हणाली,
काच अर्ध्यावर थांबते. दोन्हीकडची.
ना खाली, ना वर.
आणि धुळ्यात पंचेचाळीस.

बटण दाबलं. मोटर बोलली. काच ढिम्म.
असली माणसं मी पाहिलीत,
बैठकीत हो हो म्हणतात
आणि सतरंजी सोडत नाहीत.

दोन नव्या मोटारी ठाण्याहून एसटीच्या पार्सलनं आल्या,
जुन्या पेपरात गुंडाळून, डावी उजवी,
आणि कुणीतरी दोन्हींवर उजवीच लिहिलेलं.

दाराचं पॅड काढायला घाई चालत नाही.
एकेक क्लिप चमच्याच्या दांड्यानं उचकायची;
उन्हानं वाळलेलं प्लास्टिक पापडासारखं मोडतं.
दोन मोडल्या. तिला सांगून टाकलं.
आत उंदराचा संसार:
जिनमधला कापूस, सरकीची टरफलं,
दादरचे चार दाणे, सगळं ग्रीसमध्ये माखलेलं.
इतकी वर्षं शेडमध्ये उभी असलेली गाडी
रिकामी कधीच नव्हती.

पाना लावणार, तेवढ्यात बॅटरीच्या उजेडात
आतल्या पत्र्यावर पेन्सिल दिसली.
अक्षर वाकडं, लहान पोराचं असावं तसं.

स्प्रिंगले जप रे भो.
पहिले बोल्ट ठोक, मंग मोटर काढ.
सु. मि. ११-५-९६

सुपडू मिस्तरी.
सात वर्षं मी त्याच्या हाताखाली होतो,
त्याच्या उजव्या हाताखाली,
ज्याच्या पहिल्या बोटाला एक पेर कमी.
विचारलं की दर वेळी नवं:
विहिरीच्या रहाटात गेलं.
पांझरेच्या पुरात मगरीनं नेलं.
एकदा तर, सासूनं अडकित्त्यात धरलं.
आम्ही हसायचो. तोही हसायचा,
बीडी त्या आखूड बोटाशी धरून म्हणायचा,
नऊ बी पुरतस.

मी त्याच्याकडे लागलो सत्त्याण्णवच्या दिवाळीत.
म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतं.
कुणासाठी होतं? जो कुणी हे दार उघडेल त्याच्यासाठी.
आणि अक्षर वाकडं का,
ते कळायला मला थोडा वेळ लागला:
डाव्या हातानं लिहिलेलं होतं.

पाना खाली ठेवला. चहा मागवला.
चहा येईपर्यंत उगाच स्वतःची बोटं पाहत बसलो.

मग रेग्युलेटरच्या दातेरी पट्टीतून
आरपार बोल्ट घातला, नट आवळला,
पुन्हा आवळला.
मोटर सुटली तेव्हा स्प्रिंग फक्त कण्हली,
बांधलेल्या म्हशीनं पाय झाडावा तशी.
जुनी मोटर फोडून पाहिली.
गिअरच्या पोटात नायलॉनच्या तीन गोळ्या, हरभऱ्याएवढ्या,
त्यांचं पिवळं पीठ झालेलं.
एवढ्यासाठी.

संध्याकाळी बटण दाबलं आणि काच वर गेली,
ना घाई, ना कुरकुर.
दुसरीही गेली.
कमलिनी आत बसली होती, काहीतरी म्हणाली,
ओठ हलले, ऐकू आलं नाही.
म्हणजे काम झालं.

पॅड लावायच्या आधी कानावरची पेन्सिल काढली,
त्याच्या ओळीखाली, जमेल तितक्या सरळ अक्षरात,
तारीख टाकली आणि लिहिलं:
मोटारी नव्या. बोल्ट ठोकला होता.
बोटं दहा.

मोडलेल्या क्लिपांच्या जागी अल्टोच्या बसल्या.
सगळं आवळून झालं, हात रॉकेलनं धुतले,
आणि फडक्यावर एक स्क्रू उरला.
उरतोच.
सुपडू मिस्तरी म्हणायचा,
कंपनीवाला एक जास्तीनाच देतस.